हणमंतरावांचे दोन फूट

हणमंतराव रागावले की आवाज चढवत नाहीत, उलट जास्तच अदबीने बोलायला लागतात. मी रागावले की चार घरं सोडून ऐकू जातं, त्यामुळे हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

फलटणकडचा हा माणूस हवाई दलात सार्जंट होता. बदली होईल तिथे हवाई तळावरच्या गोल्फ मैदानाची देखभाल त्यांच्याच गळ्यात पडायची. साहेब लोक खेळून गेले की उरलेल्या उजेडात हे त्यांच्याच जुन्या काठ्या घेऊन खेळत, आणि असं करत करत साहेबांपेक्षा चांगले खेळायला लागले. निवृत्तीनंतर त्यांनी लखनौच्या सरोजिनी नगरात घर बांधलं आणि कानपूर रोडवरच्या एका नऊ होलच्या क्लबात नोकरी धरली. कागदावर त्यांचं काम एवढंच की सरावाच्या मैदानावर पडलेले बॉल गोळा करायचे आणि गवत बघायचं. पण दर रविवारी सकाळी साडेसहाला नव्या लोकांचा वर्ग तेच घेतात. गेली अकरा वर्षं घेतात, आणि त्या वर्गावर त्यांचा जीव आहे.

मी त्या वर्गातली. सरकारी विमा कंपनीत बदलीवर लखनौला आले, इथेच निवृत्त झाले. डॉक्टर म्हणाले चाला. नुसतं चालायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून गोल्फ.

पहिल्या दिवशी मी काठी अशी धरली होती की जणू घरात साप निघालाय. हणमंतराव म्हणाले, "ताई, मलिहाबादचा दशहरी आंबा पिकलाय का बघताना किती दाबता? तेवढंच. जास्त दाबला की दुकानदार शिव्या घालतो, आणि इथं बॉल उजवीकडं पळतो." दुसरी गोष्ट, काठी मागे नेताना घाई नाही. सायकलच्या कॅरिअरवर दळणाचा डबा ठेवून वळतो, तसं वळायचं, सावकाश आणि अख्ख्या अंगाने. नुसते हात उचलले की डबा पडलाच. तिसरी, बॉल कुठे गेला ते बघायची हाव धरायची नाही. तो काही परत येणार नाही. आणि मारून झाल्यावर सगळा भार डाव्या पायावर येऊन तीन आकडे मोजेपर्यंत उभं राहता आलं पाहिजे. तोल गेला तर समजायचं, जोर नको तिथे लावला. तुम्ही नवे असाल तर या चार गोष्टी करा आणि यूट्यूब बंद ठेवा. माझा बॉल महिन्याभरात सरळ जायला लागला.

आता चंद्रशेखर साहेब. हे माझे जनरल मॅनेजर होते. मूळचे नागपूरचे, निवृत्त होऊन गोमतीनगरात राहिलेले. या माणसाने माझी सहा वर्षं खाल्ली आहेत, त्यामुळे मी निःपक्षपाती वगैरे नाही, आधीच सांगते. दोन वर्षांपूर्वी ते हणमंतरावांकडे एकटे यायला लागले, मंगळवारी दुपारी, मैदानावर कोणी नसताना. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय. हणमंतरावांनी त्यांचा खेळ मुळापासून बदलला. डिसेंबरात साहेबांनी क्लबचं बक्षीस जिंकलं.

जानेवारीत आलमबागेत महाराष्ट्र मंडळाचं तिळगूळ होतं. कोणीतरी सहज विचारलं, साहेब, या वयात एवढं कोणाकडे शिकलात? मी तिथेच होते. हणमंतराव होते, आणि त्यांच्या पत्नी बेबीवहिनी तिळगुळाचं ताट घेऊन बरोबर समोर उभ्या होत्या.

"शिकवणार कोण? आपलं आपणच," साहेब म्हणाले. मग हणमंतरावांच्या खांद्यावर हात ठेवून, "हे आपले हणमंत आहेत ना, बॉल गोळा करून देतात. बडी मदद हो जाती है."

बेबीवहिनींनी ताट पुढे केलं. साहेबांनी दोन वड्या घेतल्या.

साहेब एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या आठवड्यापासून व्हॉट्सॲपवर 'चंद्रशेखर सरांचा गोल्फ मंत्र' रोज सकाळी यायला लागला. पहिला मंत्र, दशहरी आंबा. दुसरा, दळणाचा डबा. या माणसाने जन्मात कधी दळण आणलं असेल तर मी नाव बदलीन! मग त्यांनी क्लबच्या सेक्रेटरी नीलम मॅडमना पत्र दिलं की रविवारचा वर्ग एप्रिलपासून मी विनामूल्य घेईन. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मॅडम बाई वाईट नाहीत, पण नव्या लोकांसमोर मोठ्या हुद्द्याचे निवृत्त साहेब उभे राहणार म्हटल्यावर कोणाला नको असतं? त्यांनी हणमंतरावांना बोलावून सांगितलं, "आप बस बॉल संभालिए, हणमंत जी."

हणमंतराव म्हणाले, "जी मॅडम. जैसा आप उचित समझें." इतकी अदब मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

मी मात्र मैदानाच्या बाकावर बसून तासभर साहेबांचा उद्धार केला. त्यात ऑफिसच्या गोल्फचं निघालं. मी तेव्हा खेळत नव्हते, टाळ्या वाजवायला कडेला उभी असायचे. साहेबांचा बॉल होलच्या जवळ आला की आम्ही सगळे ओरडायचो, "दिया सर!" म्हणजे शेवटचा छोटा फटका मारायची गरज नाही, बॉल आत गेला असं धरू. समोरच्याने 'दिया' म्हटलं की खेळात ते चालतं. पण एरवी ते मन मोठं असेल तर देतात, आम्ही गोपनीय अहवालाच्या धाकाने द्यायचो. माझं स्वतःचं प्रमोशन अडकलं होतं, मी तर चार फुटांवरूनही दिलंय.

"कधीच मारला नाही त्यांनी?" हणमंतरावांनी विचारलं.

"मी पाहिलेल्या सहा वर्षांत तरी नाही. इथेही मेंबर लोक देतातच की. माजी जीएम ना ते."

"माझ्याकडंपण हा फटका नको म्हणायचे. हा काय शिकायचा असतो होय, म्हणायचे." ते बराच वेळ हातातला बॉल पुसत बसले. मग म्हणाले, "येतो ताई."

क्लबात फेब्रुवारीत एक दिवस स्टाफचा असतो. त्या दिवशी स्टाफमधल्या माणसाने मेंबर निवडायचा आणि त्याच्याशी नऊ होल खेळायचे. मेंबरला नाही म्हणता येत नाही. बहुतेक जण असा मेंबर निवडतात जो नंतर बरं जेवू घालतो. हणमंतरावांनी चंद्रशेखर साहेबांचं नाव सांगितलं. गुणांचं कार्ड लिहायला मी गेले, ते काम मागून घेऊन.

पहिल्याच होलला साहेबांचा बॉल दीड फुटावर थांबला. हणमंतराव वाकून म्हणाले, "दिया साहेब." दुसऱ्या होलला तेच, तिसऱ्याला तर तीन फुटांवरून दिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढं होऊनही हा माणूस वाकतो कसा? मी चालता चालता त्यांना म्हटलंही, "अहो, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

"वाटतं ना ताई," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

पाचव्या होलला हणमंतराव एकने पुढे होते. सातव्या होलला त्यांनी बॉल सरळ वाळूत मारला. त्या ठिकाणाहून हा माणूस डोळे मिटूनही चुकत नाही. सामना बरोबरीत आला, साहेब खुलले, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यांना सातव्या होलला जिंकायचं नव्हतं. नववा होल क्लबच्या व्हरांड्यासमोर आहे, आणि खेळून झालेले सगळे तिथे चहा घेत बसतात. खोटं कशाला बोलू, मला आनंदाने घाम फुटला.

नवव्या होलला व्हरांड्यात तीसेक माणसं होती. नीलम मॅडम होत्या, रविवारच्या वर्गातले होते. हणमंतरावांनी आपला बॉल शांतपणे आत घातला. साहेबांचा होलपासून दोन फुटांवर होता, तो आत गेला तर बरोबरी. साहेब सवयीने बॉल उचलायला वाकले आणि हसून म्हणाले, "दिया ना?"

हणमंतराव सरळ उभे राहिले. टोपी नीट केली, दोन पावलं मागे सरले, आणि हाताने होलकडे दाखवलं. या साहेब.

साहेब वाकलेले तसेच थांबले. मग सरळ झाले, काठी घेतली. व्हरांड्यातले कप खाली ठेवले गेले. साहेबांनी बॉलकडे पाहिलं, होलकडे पाहिलं, पुन्हा बॉलकडे. एकदा पाय बदलले. काठी अशी आवळली होती की बोटं पांढरी पडली. दशहरीचा रस निघाला असता. एक विमान डोक्यावरून विमानतळाकडे उतरलं, ते जाईपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी बॉलला असा काही धक्का दिला की तो होलच्या कडेला लागून चार फूट पुढे गेला.

कोणीतरी हसलं. मीच असेन.

साहेब लालबुंद होऊन हणमंतरावांकडे वळले आणि तीस माणसांसमोर ओरडले, "हे तुम्ही मला शिकवलंच नाही! दो साल में एक बार भी नहीं सिखाया!"

आपण काय बोललो ते त्यांना लगेच कळलं, पण तोंडातून निघून गेलं होतं. नीलम मॅडमनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग हणमंतरावांकडे.

"मतलब बाकी सब इन्होंने सिखाया?" त्यांनी विचारलं.

साहेब आपला बॉल उचलायला वळले. हणमंतराव पुढे झाले, टोपी काढली आणि रिवाजाप्रमाणे हात मिळवला. आवाज इतका मऊ, इतका अदबीचा, की माझ्या अंगावर काटा आला.

"रविवारी सकाळी साडेसहाला या, साहेब. नव्या लोकांच्या रांगेत उभे राहा. तुम्हाला दोन फुटांपासून सुरू करू."