शिवून ओळखा

अन्याय झाला तो वळ्ळीवर. वय नऊ. मासी महिन्याचा पहिला शुक्रवार, दुपारचे तीन, कुंभकोणमच्या आमच्या शाळेच्या दारात. हे आधी लिहिते, कारण गावात आता बोलणं चाललंय ते फक्त भुताचं.

भूतबीत मी मानत नाही. अंगारे-धुपाऱ्यांविरुद्ध पत्रकं मीच लिहिते, मीच वाटते. तरीही...

शाळेत मुलांसाठी निसर्गाचं दालन मांडायचं काम माझ्याकडे होतं. काचेच्या कपाटात कोंडलेलं म्युझियम मला नको होतं. मुलांनी हात लावायला हवा! म्हणून चार लाकडी पेट्या करून घेतल्या. पुढं मुलाचा हात जेमतेम जाईल एवढं भोक, मागं खिळे ठोकून बंद फळी. न बघता चाचपायचं आणि नाव सांगायचं. वर पाटी — ‘शिवून ओळखा’. सुगरणीचा खोपा, सापाची कात, कासवाची पाठ, कावेरीतले शिंपले, सगळं वळ्ळीनं गोळा केलेलं. ती चेरीतली, म्हणजे गावाबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतली. कुठला खोपा पिलांनी सोडलाय, हे तिला झाडाखालून कळतं.

हेडमास्तरांनी तिला दारातच अडवलं. आमच्यासारखेच तंजावरी मराठी, घरचेच म्हणायचे.

“ही पेटीत हात घालणार, मग आपली मुलं तेच शिवणार?”

“वस्तू तिनंच आणल्यात!”

“वस्तू धुऊन घेतल्या, टीचरम्मा. हिला कशानं धुवू?”

दोघं-तिघं पालक हसले. मद्रासहून आलेल्या गोऱ्या इन्स्पेक्टरबाई आत ताटकळल्या होत्या. मी... पुढचं सुरू केलं. चूक माझी. वळ्ळी फाटकापाशी वॉचमनजवळ जाऊन बसली.

पहिली आली हेडमास्तरांची नात, कमळी. खोप्याच्या पेटीत हात घालून हसली, आणि हसू तिथंच थांबलं.

“टीचर, आत कुणीतरी माझी बोटं मोजतंय.”

सगळे खिदळले. पण कासवाच्या पेटीशी दुसरा मुलगा किंचाळला. शिंपल्यांच्या पेटीशी तिसरी.

“उंदीर असेल, उंदीर!” म्हणत हेडमास्तरांनी स्वतः फळ्या उचकटल्या. आत खोपा. कासवाची पाठ. शिंपले. बाकी काही नाही. फळ्या पुन्हा ठोकल्या.

माझा हात बारीक. “घाबरताय काय, बघा,” म्हणून मी कातीच्या पेटीत घातला.

कात लागली नाही. हात लागला.

लहान, ओला. त्यानं धरलं नाही, ओढलं नाही. अंगठ्यानं माझं एकेक पेर चाचपलं, लेखणीच्या घट्ट्यावर थांबला, परत त्यावरून फिरला — मुलांना मी शिकवलं होतं अगदी तसं. तो मला शिवून ओळखत होता. आणि मग सोडून दिलं, ओळख पटल्यासारखं.

मी फाटकाकडे पळाले. वळ्ळी वॉचमनबरोबर चिंचा सोलत बसलेली.

“ही इथनं उठली होती?”

“कुठं उठते? सगळ्या चिंचा हिनंच सोलल्या, मी नुसता खातोय.”

वळ्ळीनं वर बघितलं. “टीचर, खोपा ओळखला का कुणी?”

मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. हो, तपासला, लिहायला लाज वाटते. चिंचेनं चिकट झालेला, पण कोरडा. आणि पेटीतला हात याहून लहान होता. खूपच लहान.

कुणाचा? मला माहीत नाही. नंतर मी एकटीनं चारही पेट्या सुट्या करून पाहिल्या. आजही माहीत नाही.

हेडमास्तरांना मात्र माहीत आहे! चेरीतल्या पोरीनं करणी केली म्हणे. पुढच्या महिन्यात, पंगुनीच्या पहिल्या मंगळवारी मांत्रिक आणायचा, झोपडं मोडायचं, बाप-लेकीला हाकलायचं, असं ठरलंय. भीती वाटली आम्हाला, आणि घर मोडायचं तिचं?

वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगते, ही विनंती नाही. त्या मंगळवारी सकाळी चेरीत या. मांत्रिकाच्या आधी या. वळ्ळीच्या दारात बसा, आणि कुणीही उठवलं तरी उठू नका.