खिडकीची रिकामी सीट

तिकिटाला कुणीही आलं की काका आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चेहरा नंतर. "पाय सांगतात कुठं बसायचं ते," म्हणत सीटचा तक्ता पुढ्यात ओढायचे.

गिरगावात, फणसवाडीजवळ आमचं विमानाच्या तिकिटांचं ऑफिस होतं. मी टायपिस्ट, ते शिपाई. त्याआधी लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर गिरणी सुरू झाली तेव्हा त्यांना आत घेतलं नाही. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पोटऱ्यांवरच्या सुजलेल्या निळ्या शिरा दाखवून ते म्हणायचे, "आम्ही उभं राहून पाय घालवले. तुम्ही बसून घालवू नका."

स्वतः विमानात कधी बसले नव्हते. पण मुलाकडे अमेरिकेला निघालेली म्हातारी माणसं साहेबांना सोडून त्यांनाच विचारायची. शेवटची रांग नको, पाठ मागे जात नाही. पंखाजवळची घ्या, हादरे कमी लागतात. पायाशी पिशवी ठेवू नका, कमरेमागे उशी घ्या, आणि दर दोन तासांनी उठून चाला. एका आजोबांनी खिडकीच हवी म्हणून हट्ट धरला. काका म्हणाले, "आजोबा, लघवीला किती वेळा उठता?" आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "वाटेकडचीच द्या."

खिडकीची सीट त्यांनी एकदाच, कौतुकानं दिली होती. त्यांच्याच चाळीतल्या, त्यांच्याच मालवणकडच्या गावच्या एका विधवा म्हातारीला. तिला ढग बघायचे होते. शेजारी दोन परके पुरुष झोपले. त्यांना उठवायचा तिला संकोच वाटला आणि ती अख्खा प्रवास जागची हलली नाही. पोचल्यावर पाय सुजले, पायात रक्ताची गाठ झाली, आठवड्यात गेली. मुलानं तिकडेच सगळं उरकलं. काकांना कुणी बोललं नाही. त्या दिवसापासून तक्त्यावर खिडकीच्या रांगेला त्यांचं बोट लागलेलं मी पाहिलं नाही.

वर्षभरानं प्रभादेवीच्या एक बाई लेकीचं बाळंतपण करून परत आल्या आणि ऑफिसात तक्रारच घेऊन आल्या. "माझ्या रांगेत ती मालवणी म्हातारी कोण बसवलीत हो? सारखी खांद्याला हात लावायची. 'बाय, जरा उठतंस गो? माका भायर जावचा हा.' मी उठून उभी राहायची, तर ही जागेवरून हलायचीच नाही!"

मी यादी काढली. त्यांच्या रांगेत खिडकीशी एक जर्मन गृहस्थ होते.

काकांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांनी एवढंच विचारलं, "पण तुम्ही उठलात ना?"

"उठणार नाही तर काय करणार!"

पुढे दादरच्या एकीनं तेच सांगितलं, मग भायखळ्याच्या एका मास्तरांनी. विमानं वेगळी, कंपन्या वेगळ्या, वाक्य तेच. तुम्ही म्हणाल, एकीनं दुसरीला सांगितलं असेल. मीही तसंच म्हटलं. काका वाद घालायचे नाहीत. "ती सगळ्यांना उठवते, बाय," ते मला म्हणाले, "पण तिला कोण बाहेर काढणार?"

निवृत्तीच्या वर्षी मालकांनी त्यांना लंडनचं जाऊन-येऊन फुकट तिकीट दिलं. विमान कंपन्या आमच्यासारख्या ऑफिसांना कधीकधी तसं द्यायच्या. काका माझ्या टेबलाशी आले. "येतानाची दोनाची रांग बघ. मला वाटेकडची. खिडकीची रिकामी राहू दे."

"रिकामी कशी राहील, काका? विमान भरलंय."

"तू फक्त माझी दे."

पाच दिवसांनी परत आले. मी विचारलं, "खिडकीत कोण होतं?"

"नाव होतं कुणाचं तरी. तो आलाच नाही." मग बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिले. "तिनं खांद्याला हात लावला. मी उठलो, पार मागे सरून वाट दिली. म्हटलं, काकी, आता लाजू नका, चला. आणि उतरताना मागे वळून बघितलं नाही."

त्यानंतर परत आलेल्या एकाही बाईनं त्या म्हातारीचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम विचारायची. सगळ्यांना छान झोप लागलेली असायची. आता काका जाणाऱ्या एकेकीला हात जोडून सांगत, "उठा हो. आता उठवायला कुणी नाही."

निवृत्त झाले आणि गावी निघाले. सकाळी परळच्या डेपोत मी त्यांना पोचवायला गेले. त्यांच्याकडे शेजारशेजारची दोन तिकिटं होती. कंडक्टरनं विचारलं, "दुसरं पॅसेंजर कुठंय?"

"चढलंय," काका म्हणाले.

कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"खिडकी दिलीत त्यांना?" मी खालून विचारलं.

"दिली. एस.टी. आहे, बाय. वाटेत थांबते. आणि शेजारी मी आहे."

ते वाटेकडच्या सीटवर टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. गाडी सुरू झाली तसा धुरळा उडाला. मी हात वर केला. काकांचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते, मला स्पष्ट दिसत होते. खिडकीची काच कुरकुरली, आणि हळूहळू, म्हाताऱ्या हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा घेत, मागे सरकली.