त्यांनी गूळ मागितला तेव्हा

“बाई, ह्यांना गोड काही का दिलं नाहीत?”

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला हे विचारलं. खाटेवर माझे यजमान बेशुद्ध पडलेले. त्यांना साखरेचा आजार, म्हणजे डायबेटीस. वर्षभर मी घरातली साखर कुलपात ठेवली होती, आणि डॉक्टर विचारतात गोड का दिलं नाही!

“साखर वाढली नाही, उतरली आहे,” डॉक्टर म्हणाले. “ह्याला हायपोग्लायसेमिया म्हणतात.” म्हणजे रक्तातली साखर इतकी खाली जाते की मेंदू उपाशी पडतो. असंही काही असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ज्यांच्या घरी इन्शुलिनची सुई चालते, त्यांना ते आधीच कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही सोनईचे. यजमान शाळामास्तर. सुई मीच उकळायची, मीच टोचायची. लघवी निळ्या औषधात उकळून पाहायची; रंग विटकरी झाला तर साखर आहे, निळाच राहिला तर नाही. निळा दिसला की परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखी मी खूश. पथ्याला मी फार कडक. “मास्तर मी, पण छडी हिच्या हातात,” असं ते थट्टेनं म्हणायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. आता ते आठवलं की लाज वाटते.

सुईनंतर अर्ध्या तासात जेवण झालंच पाहिजे, असं सांगितलेलं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही.

यजमानांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न जवळच्याच गावात होतं. तिथं पोचल्यावर, अक्षता पडल्या की लगेच पंगत बसेल, अशा हिशेबानं मी सुई टोचली. लग्न वेळेवर लागलं, पण नवऱ्या मुलाचा मामा रुसला. मानाचं उपरणं त्याच्या आधी दुसऱ्याला दिलं, एवढंच कारण. व्याही मंडळी जानवशाच्या घरातून हलेनात, आणि ती बसल्याशिवाय मुलीकडच्यांनी घास उचलायचा नाही ही रीत. पत्रावळ्या मांडलेल्या, अन्न निवत चाललेलं, आणि सगळे मामाची समजूत घालायला गेलेले.

यजमानांना घाम फुटला. मांडवात घाम सगळ्यांनाच होता, मी लक्ष दिलं नाही. मग त्यांचे हात थरथरू लागले.

“अगं, भूक लागलीय फार. गुळाचा खडा तरी दे.”

मी नुसते डोळे वटारले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा मागितला. जीभ जड झाली होती, चेहरा पांढराफटक. तिसऱ्यांदा तर हा शांत माणूस चारचौघांत माझ्यावर ओरडला. कोणीतरी हसलं, “मास्तर आज थोडी घेऊन आल्यात वाटतं!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजाराचं भान उरलंच नाही, लोक काय म्हणतील एवढंच डोक्यात.

नवरीची आजी, भागूआत्या, गूळ-पाणी घेऊन आली. “पोरी, दे त्यास्नी. हात बघ कसं कापत्यात.”

“नगं आत्या. त्यास्नी गोड म्हंजी इख हाय.”

“अगं पर मानूस मागतोय न्हवं?”

मी वाटी परत पाठवली. आल्यागेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, मग विचारपूस करायची, ही आमच्याकडची साधी चाल. तेवढ्यानं ते वाचले असते. मी मोठ्या शहाणपणानं ती मोडली.

शेवटी मामाचा रुसवा निघाला. पंगत बसली, आणि पहिला घास घेण्याआधीच ते पत्रावळीवर कोसळले. झटके आले. बैलगाडीतून सडकेपर्यंत, तिथून कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीनं नगर; लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. जरा चढ लागला की मोटार थांबायची आणि ड्रायव्हर उतरून कोळसा ढवळत बसायचा. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन नुसती देवाला हाक मारत होते.

डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. डोळे उघडायला दुसरा दिवस उजाडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला नावानं हाक मारली आणि मी तिथंच रडले. मग त्यांनी विचारलं, “आपण कुठं आलोय?” मी सांगितलं. घटकाभरानं पुन्हा तेच विचारलं.

“मेंदू फार वेळ उपाशी राहिला,” डॉक्टर म्हणाले. “जीव वाचला हे पुष्कळ समजा.”

त्यांनी तेव्हा शिकवलं ते इथं सांगते. सुईवरच्या माणसाला एकाएकी घाम सुटला, हात कापू लागले, भूक आवरेना, तो उगाच चिडला, बरळू लागला, तर वाट पाहू नका. गूळ, साखर, काकवी, हाताला लागेल ते द्या. थोडी साखर वाढलीच तर ती नंतर उतरवता येते. मात्र गिळता येतंय तोवरच द्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही ओतू नका. आणि ताट समोर आल्याशिवाय सुई टोचूच नका.

यजमान आज घरी आहेत. हिंडतात, फिरतात, जेवतात. जुनं सगळं आठवतं, नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या पोरांची नावंसुद्धा. नवं मात्र काही टिकत नाही. दर दोन-चार दिवसांनी विचारतात, “अगं, मी शाळेत का जात नाही?” सुरुवातीला सुट्टी आहे म्हणून सांगून पाहिलं, त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमेना. म्हणून सगळं सांगते, परत पाठवलेल्या त्या वाटीसकट. ते पहिल्यांदाच ऐकावं तसं ऐकतात. माझे डोळे भरलेले पाहून म्हणतात, “तुला काय ठाऊक गं? माझ्या भल्यासाठीच केलंस तू.” छातीवरचा दगड उतरतो. दोन दिवस बरे जातात. मग सकाळी टोपी हातात घेऊन ते दारात उभे राहतात आणि विचारतात, “अगं, मी शाळेत का जात नाही?”