रुक्मिणीचं दुसरं रक्त

समजा, तुमच्या हातात सुई आहे आणि समोर शेजारणीचा हात. तीन आठवड्यांपूर्वी, ती तापाने फणफणलेली असताना, याच हातातून तुम्ही रक्त नेलं होतं. आता ती बरी होऊन विचारते, "पयल्या रगताचा काय झाला?" तुमच्याकडे उत्तर नाही. उत्तर हवं असेल तर दुसरं रक्त लागणार, आणि ती तर हात पदराखाली घेते.

मिठबावच्या गुरुदासवर शहाऐंशीच्या ऑक्टोबरात ही वेळ आली. तो आरोग्य सेवक. एरवी मलेरियासाठी घरोघर जाऊन बोटातलं रक्त घ्यायचा. त्या वर्षी वाडीत मेंदूज्वर शिरला. त्याच्या थोरल्या बहिणीची, मथुराची, सहा वर्षांची कावेरी चार दिवसांत गेली. शेजारची रुक्मिणी वाचली. दोन्ही घरं मथुराच्या विहिरीचं पाणी प्यायची, म्हणून वाडीने ती विहीर टाकली. मथुरानेही टाकली. ती कळशी घेऊन देवळाकडच्या विहिरीवर जायची, तर तिथल्या बायका बाजूला सरायच्या.

पुण्याहून आलेल्या डॉक्टर नीरजा मालवणात एका शाळेच्या वर्गात तपासणी करत होत्या. त्यांनी गुरुदासला सांगितलं होतं, "असा ताप पाण्यातून येतो, तसा डासांमधूनही येतो. पहिल्या रक्तात जुन्या आजाराच्या खुणा असू शकतात. दुसऱ्या रक्तात त्या वाढलेल्या दिसल्या तरच खात्री होते."

कावेरीचं दुसरं रक्त कुठून आणणार? उरली रुक्मिणी. आणि डॉक्टर शनिवारी परत जाणार होत्या.

रुक्मिणीने देवीला कौल लावला. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच गुरुदासला हाक मारली. "देवीन उजवो कौल दिल्यान. पण एकदाच हां! परत सुई घेवन इलंस तर कोयतो दाखवीन."

रक्त मिळालं. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळी. एस.टी. चुकली, म्हणून गुरुदास मासळीच्या टेम्पोत चढला. आचऱ्याच्या अलीकडे टेम्पोचं चाक पंक्चर झालं. ऊन तापलेलं, थर्मासमध्ये अर्ध्याहून जास्त पाणी झालेलं. गुरुदास पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघू लागला.

"सारख्या काय बघतंस? पिल्लां घातलंस काय आत?" टेम्पोवाला बाबू हसला. त्याने पेटीतला बर्फ फोडून थर्मास भरून दिला. "आता वरसून मीठ मार, थंडी धरून ऱ्हवात."

"मीठ?"

"सुरमय मुंबयक नेतव आमी. माका शिकवतंस?"

गुरुदासने मूठभर मीठ घातलं. मालवणला पोचेपर्यंत थंडी खरंच टिकली.

डॉक्टरांनी नळी काढून खिडकीकडे धरली. आतलं रक्त दगडासारखं गोठलं होतं. "मीठ कुणी घातलं? मिठाने बर्फ आणखी गार होतो, गुरुदास. थंड ठेवा म्हटलं होतं, गोठवा नव्हतं म्हटलं." वितळल्यावर सगळं लालभडक पाणी झालं. तांबड्या पेशी फुटल्या होत्या. "यातून काही निघणार नाही. पुन्हा मिळेल?"

"मिळेल," तो म्हणाला.

संध्याकाळी रुक्मिणीच्या दारातल्या खळ्यात उभं राहून त्याने मिठाचं सगळं सांगितलं. तिने कोयता दाखवला नाही. नुसतं म्हणाली, "देवीक काय सांगू? तुका मीठ जास्त झाला म्हणान?" आणि ती आत गेली. तिच्यावर जोर करावा, असं त्यालाही वाटलं नाही. कौल तोही मानत होता.

दोन महिन्यांनी पुण्याचं पत्र आलं: दुसऱ्या नमुन्याअभावी निदान निश्चित करता आलं नाही. ते त्याने ट्रंकेत कपड्यांखाली ठेवलं. मथुराला सांगावं तर मिठाचंही सांगावं लागेल. न सांगावं तर ती रोज त्याच्या दारावरून कळशी घेऊन जाते. गाव सोडून जाण्यासारखी नोकरी नाही, आणि तिच्या वाटेवर न पडणारं घर नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. मथुरा अजून थांबते. "इला काय रे पत्र?"

"नाय गो आक्का."

"माज्याच हातान ता पाणी पाजलंय रे तिका," ती म्हणते आणि कळशी कमरेवर घेते.

ती गेल्यावर गुरुदास कुंपणापलीकडच्या त्या विहिरीकडे बघत बसतो. पाणी स्वच्छ दिसतं. वर डास घोंगावत असतात. यांतल्या कुणी नेलं कावेरीला?