बोर्डात खोट न्हाई

गाणं लावण्याआधी भाऊ उजव्या हाताचं एक बोट वर धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सर, कानाला विचारून सांगा. मनाला नका विचारू." मग बोट खाली यायचं आणि आवाज सुरू व्हायचा.

भोकरदनच्या बसस्थानकामागे त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, जयंती, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे माईक आणि कर्णे त्यांचेच. मी पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयात ग्रंथपाल. दुपारी वाचनालय बंद असे, तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. उन्हाने गल्ली मुकी झालेली असायची. दुकानात चहूबाजूंना रिकामे कर्णे टांगलेले. त्यांच्यामध्ये बसलं की आपण कुणाच्या तरी भल्यामोठ्या कानात बसलो आहोत असं मला वाटे. तुमच्याही गावात असं एखादं दुकान असेल, जिथे काही काम नसताना माणूस जाऊन बसतो.

एकदा त्यांनी संभाजीनगरहून पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी, सर्किट बोर्ड, आणली. "हे बघा सर, अख्खा कॉम्प्युटर." त्याला डबी हवी म्हणून त्यांनी घरातली साबणदाणी उचलून आणली होती. खाली भोकं असतात, हवा खेळती राहते, हे त्यांचं शास्त्र. साबणाचा मंद वास त्या बोर्डाला शेवटपर्यंत येत राहिला.

या बोर्डावर अतिशय बारकाईने ध्वनिमुद्रित केलेले आवाज वाजवून पाहायचे, हा त्यांचा नवा नाद. साध्या फाईलीत एका सेकंदाच्या आवाजाच्या अठ्ठेचाळीस हजार नोंदी असतात, या फाईलीत एक लाख ब्याण्णव हजार, असं त्यांनी मला समजावलं.

"एवढं बारीक ऐकणार कोण, भाऊ?"

"ते मंग बघू. आधी बोर्ड सगळं बराबर सोडतो का, मधीच काही खातो, ते बघून राह्यलो."

मग शेजारचा शिंपी आला, समोरचा चहावाला आला. प्रत्येकाच्या डोक्यावर हेडफोन चढला. शिंपी म्हणाला, "मी तर म्हणतो, गाणारी बाई माझ्या मशीनवरच येऊन बसली!" चहावाल्याने आपला मोबाइल काढून त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मीही मान डोलावली.

पंधरा दिवसांनी भाऊंनी मला हाक मारली. ते एकटेच हसत होते. "सर, फजिती झाली. फाईल एकशे ब्याण्णव हजारांची, पण बोर्ड तिला वाजवायच्या आधीच अठ्ठेचाळीसवर आणत होता. पडद्यावर लिहून येत होतं, मीच न्हाई पाह्यलं."

"मग शिंप्याच्या मशीनवर बसलेली बाई?"

"ती त्याच्या मनातली. त्याच्या बायकोला सांगू नका."

त्यांनी ती व्यवस्था बदलली. आता फाईल जशीच्या तशी बाहेर येऊ लागली. त्यांनी मला एक तुकडा दोनदा ऐकवला आणि विचारलं, "कोणता स्वच्छ?"

"दुसरा," मी म्हणालो. "बराच स्वच्छ."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "दोन्ही वेळेला येकच फाईल होती, सर."

मी खजील झालो. त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो होतो. ते रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "तुम्ही शिकलेला माणूस. तुम्हीच असं करायला लागले तर मी विचारू कोणाला?"

तो प्रश्न बोर्डापुरता नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हेडफोन काढून ठेवला. ते आपणहून सांगू लागले. हिवाळ्यात एका लग्नात माईकने शिट्टी मारली होती. "सारा मांडव कानावर हात ठेवून राह्यला, आन मी पान खात होतो." मग गायन पार्टीतला गायक म्हणाला, भाऊ, झांजा फार टोचून राह्यल्या. "टोचतात कशा? मला तर झांजाच न्हाई आल्या." त्यांनी वायरी बदलल्या, कर्णे बदलले, मिक्सर उघडून पाहिला. मोठा आवाज त्यांना नीट ऐकू येत होता, समोरासमोरचं बोलणंही येत होतं. बारीक, उंच आवाज तेवढे कुठेतरी गळत होते. बोर्ड आणला तो याच्यासाठी. एक तरी यंत्र असं हवं होतं, की ज्याच्यावर काही ढकलता येणार नाही.

"घरी मी एक रेकॉर्डिंग केलं," ते म्हणाले. "ही भाकरी थापताना. चुलीपाशी हिच्या दोन्ही बाजूंना येकेक माईक ठेवला. हिच्या बांगड्या मला त्याच्यात सापडून न्हाई राह्यल्या."

"आणि समोर बसल्यावर?"

भाऊंनी दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "येतात वाटतं. पण ऐकू येतात का आठवतात, ते कळत न्हाई."

त्यांनी पडद्यावरचा आकडा मला दाखवला, एकशे ब्याण्णव, आणि हेडफोन माझ्या हातात दिला. मी डोळे मिटले. पिठाच्या परातीचा खरखरीत आवाज आला. जाळ फुरफुरला. लांब कुठे शेळी ओरडली. मग थापण्याची ती सावकाश लय, आणि तिच्यावर, वरच्या वर, काचेची किणकिण. दुपार जरा हलल्यासारखी झाली.

काही नाही येत, असं म्हणणं किती सोपं होतं. बोर्डात दोष निघाला असता. त्यांनी दुसरा बोर्ड आणला असता, मग तिसरा. आणि भर मांडवात ती शिट्टी वाजतच राहिली असती.

"येतात," मी म्हणालो. "प्रत्येक थापेला."

"दोन्ही हाताच्या?"

"डाव्या बाजूच्या जरा जास्त."

"बराबर." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "डाव्या हातात येक जास्त घालते ती. बिलकुल बराबर." मग त्यांनी साबणदाणीवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "म्हंजे बोर्डात खोट न्हाई. चांगला निघाला."

मी वाचनालय उघडायला उठलो, तेव्हा ते हेडफोन लावून बसले होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी कानाचं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात येऊन माझ्यावरच बरसल्या. "सर, तुम्हाला आधी कळलं व्हय! मी दोन वर्षं भांडून राह्यले, की माझं अर्धं बोलणं मुद्दाम सोडून देतात म्हणून."

"अर्धं सोडलं म्हणूनच संसार टिकला," भाऊ म्हणाले.

"ऐकलं का हो सर? आता कसं ऐकू येतंय बराबर!"

त्या वर्षीच्या जयंतीला मिक्सरशेजारी दोन खुर्च्या होत्या. भाऊ एकीवर, वहिनी दुसरीवर. आवाज टोचू लागला की वहिनी त्यांच्या मनगटावर थाप मारायच्या, आणि भाऊ बटण उतरवायचे. "अगं हळू," ते म्हणायचे, "मनगट हाय, ढोलकी न्हाई." मी मागच्या रांगेतून पाहत होतो. गायक काय गात होता ते मला आठवत नाही.

यंदा दिवाळीनंतर भाऊ गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, दिवशी अंगणात मांडव होता. साउंड दुसऱ्या गावच्या माणसाने लावला होता. बुद्धवंदना झाली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी कागदावर लिहून आणलं होतं. "भाऊ" एवढा एकच शब्द उच्चारला आणि माईकने किंकाळी फोडली. लोकांनी कानांवर हात नेले. तो माणूस वायरी चाचपू लागला.

बायकांच्या पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात बसलेल्या वहिनी उठल्या. कुणाकडे न बघता मिक्सरपाशी गेल्या, एक बटण थोडं उतरवलं, मान तिरकी करून ऐकलं आणि आणखी केसभर उतरवलं. किंकाळी थांबली. बटणावरचा हात त्यांनी लगेच काढला नाही.

"बोला सर," त्या म्हणाल्या.