विटेवरचं नाव

सर वर्गात येताना खडूसोबत एक वीट आणायचे. सेनगावच्या आमच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी मराठी. भट्टीवाल्याची अक्षरं उमटलेली बाजू मुलांना दाखवून म्हणायचे, "ही मेसोपोटेमिया. विटेवर राजाचं नाव." मग वीट उलटी करायची. "आन् ही सिंधू. घरं बांधली, नाल्या काढल्या, पर नाव कुणाचंच न्हाई."

"सर, मग भारी कोण?" असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं : "भारी कोण ते इचारू नका. राहत कसे होते ते इचारा."

असा एखादा मास्तर तुमच्याही गावात असेल. शिकवताना हसू येतं आणि पुढं जन्मभर तेवढंच आठवतं.

या दोन नदीकाठच्या संस्कृतींवर सर अकरा वर्षं पुस्तक लिहीत होते. टायग्रिसच्या पुराविषयी लिहायचं म्हणून एकदा आमच्या कयाधू नदीच्या पुलावर दिवसभर भिजत उभे राहिले. "पाणी कसं चढतं ते समजलं," दुसऱ्या दिवशी शिंकत म्हणाले, "आन् सर्दी बी."

सहा वह्या भरल्यावर त्यांनी त्या टाईप करायला माझ्याकडे दिल्या. "ताई, तुमच्याबिगर कुणावर भरवसा न्हाई."

टायपिंग संपत आलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी "जरा वाचून देतो" म्हणून पेनड्राइव्ह मागितला. मी दिला. सरांना विचारलं नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. पुस्तक मुख्याध्यापकांच्या नावानं छापून आलं. मला ते आठवडाभर आधी कळलं होतं. मी गप्प राहिले.

प्रकाशनाला सर दुसऱ्या रांगेत बसले होते. हातात पडलेलं पुस्तक त्यांनी सहज उघडलं. आधी हसले, कुणी आपल्यासारखाच विचार केला म्हणून असेल. मग भराभर पानं उलटू लागले. नेमकं तेव्हाच टंकलेखनासाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी स्टेजवर गेले आणि शाल घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तुमाला ठावं होतं?"

मी मान खाली घातली.

"बराबर," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी 'मॅडम' झाले.

थोड्याच दिवसांत नोकरी सोडून ते हट्ट्याला, आपल्या गावी गेले. दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्वतः चहा केला, माझ्या लेकरांची चौकशी केली. शेवटी मीच म्हटलं, "सर, माझं चुकलं."

"चुकलेलं माणूस दुसऱ्या दिवशी येतं, मॅडम. तुमी कायमची ऑर्डर हातात पडल्यावर आलात." आवाज जराही चढला नव्हता. "चला, बसची येळ झाली."

ते रस्त्यापर्यंत आले. हात करून बस थांबवली, कंडक्टरला सांगितलं, "मॅडमला जागा करून द्या." खिडकीशी बसून मी बाहेर पाहिलं. बस हलायच्या आधीच ते वळून घराकडे चालू लागले होते.