केतकीने मागितलेली उभं राहायची जागा

ऑफिसच्या नंबरवरून फोन आला आणि पलीकडे केतकी नव्हती.
माझं सगळं तिथेच बदललं.

आज वर्ष झालं.

मी पार्ल्यात होतो, पाचव्या मजल्याच्या खिडकीबाहेर. एक पाय छज्ज्यावर, एक ग्रिलमध्ये. एसीचं आउटडोअर युनिट असंच लटकून दुरुस्त करतो आम्ही.

फोनवर कंपनीचे सर होते. म्हणाले, "रोहन, आधी आत ये. मग सांगतो."

साधा ताप म्हणून सुट्टी घेतली होती तिने. डेंग्यू निघाला. त्यातच गेली.

केतकी आमच्या जोगेश्वरीच्या एसी सर्व्हिस कंपनीत कॉल्स बघायची, कोणी कुठे दुरुस्तीला जायचं ते फोन करून सांगायची. कंपनीतर्फे स्टँडर्डच्या कमिटीतही जायची. एसी कुठे, कसा बसवायचा याचे नियम लिहिणारी कमिटी.

सर आधी वैतागायचे. "आपण सर्व्हिसवाले. तिथे आपलं काय काम?"

"सर, मशीन बनवणारे येतात, बिल्डर येतात. दुरुस्तीवालं कोणीच नसतं. मग आपली पोरं कुठे उभी राहणार, ते कोण सांगणार? आणि सेफ्टी बेल्ट सगळ्यांनाच लावावा लागला ना, की बेल्टशिवाय अर्ध्या रेटमध्ये कामं उचलणारे पण गप्प बसतील."

हे दुसरं ऐकल्यावर सरच तिला मीटिंगची आठवण करून द्यायला लागले.

तिने त्या नियमांतली एकच ओळ धरून ठेवली होती. युनिटजवळ माणसाला उभं राहायला जागा आणि बेल्ट अडकवायला हूक हवा. बस.

मी एकदा विचारलं, "माझ्यासाठी करतेयस ना?"
"तुझ्यासाठी कशाला रे? तू डोक्यावर पडलास तरी काय बिघडणार आहे?"

हसलो. पुढचं विचारणार होतो, सीझन संपला की.

ती गेल्यावर आमच्याकडून मीटिंगला कोणी गेलंच नाही. परवा कमिटीचा मेल आला. त्या ओळीच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, म्हणून ती काढतायत. शेवटची मीटिंग आज, अंधेरीत.

मी सरांवर ओरडलो.
"मग तू जा," ते म्हणाले.
"सर, मी सेकंड इयरला प्रोफेसरशी भांडून कॉलेज सोडलंय. तिथेही भांडेन."
"भांड. पण बसून."

काय बोलू गं मी?
तू सगळं नीट मांडायचीस. मला कोणी उलटा प्रश्न विचारला की माझी वाट लागणार.

आणि समजा ओळ राहिली. मग सांगू कोणाला?

आई विचारतेय, इस्त्रीचा शर्ट घालून कुठे निघालास.
तिला काही सांगितलं नाही. तुझ्याबद्दलही कधी सांगितलं नव्हतं.

श्रद्धांजली वगैरे मला लिहिता येत नाही, केतकी.

येतो गं.

पोस्ट टाकतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.